पिसोरीचे बूट योग्य ठिकाणी

एका जंगलात, मुलांनो, बुटांची कुणालाच गरज नव्हती. म्हणून सगळेच बूट घालायचे.

हत्ती घालायचा, उंदीर घालायचा. साप घालत नसे, पण त्याला त्याचं फार वाईट वाटायचं.

त्या जंगलात धृती नावाची एक पिसोरी राहायची. पिसोरी म्हणजे सशाएवढं हरीण. शिंगं नाहीत, आवाज नाही, काळजी मात्र सांबराएवढी. आणि धृती म्हणजे धैर्य. आईवडिलांनी बारशाची जरा घाई केली, इतकंच.

धृती कॉलेजात शिकली होती. त्याआधी ती नुसती घाबरायची. शिकल्यावर कारणं देऊन घाबरू लागली.

पिसोरी घाबरली की पुढचे पाय जमिनीवर आपटते. पान पडलं, टपटप. कुणी शिंकलं, टपटप. कुणी "काय गं, बरी आहेस ना?" असं विचारलं, तरी टपटप. त्यामुळे धृतीच्या मागच्या पायांतले बूट कोरे करकरीत राहिले आणि पुढच्या जोडाचे तळ साफ गेले.

दुसऱ्या कुणी ते झुडपात भिरकावले असते. पण धृती पडली शिकलेली. ती बूट समोर ठेवून विचार करत बसली.

ओढ्यात टाकावेत? मासे काय म्हणतील? जाळावेत? रबराचा धूर थेट घारीच्या घरट्यात जाईल. पुरावेत? तिने खड्डा खणायला घेतलाही. तर आतून घूस वर आली.

"बाई, हे माझं स्वयंपाकघर आहे."

धृतीने माफी मागितली आणि खड्डा बुजवला. मग घूस आत गुदमरली तर, या काळजीने तो पुन्हा उकरला. घूस अजून तिथेच होती. आता तिच्या हातात उलथणं होतं.

शेवटी धृती शेजारच्या साळिंदरीकडे गेली. तिला सगळे साळूमावशी म्हणायचे.

"मावशी, तुमच्या ओळखीत कुणी गरजू आहे का? बूट दान करायचे होते."

साळूमावशीने एक बूट उचलून डोळ्याला लावला आणि तळाच्या भोकातून धृतीकडे पाहिलं.

"यातून तू अख्खी दिसतेस गं."

"थोडे वापरलेले आहेत."

"गरजू म्हणजे कोण? ज्याला भोकाची गरज आहे तो?" साळूमावशीचा एक काटा उभा राहिला. "तू घालशील का परत?"

"नाही."

"मग दान कसलं गं हे? कचराच की. फक्त तुझ्या दारातून उचलून दुसऱ्याच्या दारात."

हे धृतीला इतकं पटलं, की तिने पाय आपटले. पुढचे अनवाणी होते, म्हणून मागचे आपटले. आता तेही झिजायला लागले.

आणि मग तिला ती टोपली दिसली.

पाणवठ्याच्या वाटेवर वानर तरुण मंडळाने ती ठेवली होती. वर पाटी होती, 'जुने जोडे द्या. योग्य ठिकाणी पोचवू.' शेजारी भुऱ्या वानर शेंगा सोलत बसला होता.

"योग्य ठिकाणी म्हणजे नक्की कुठे हो?" धृतीने विचारलं.

"ताई, अगदी योग्य. तुम्ही काळजीच करू नका."

काळजी करू नका, असं तिला आजवर बरेच जण म्हणाले होते. पण इतकं शेंगा खात खात कुणी म्हणालं नव्हतं. तिचा विश्वास बसला. ती घरी गेली, बूट धुतले, वाळवले. एकटा बूट कुणाच्याच कामाचा नाही, म्हणून तिने दोन्हींच्या नाड्या एकमेकींना घट्ट बांधल्या. एक गाठ मारली. गाठ सुटेल अशी भीती वाटली, म्हणून दुसरी मारली. मग जोड टोपलीत ठेवला, घरी आली, आणि गाठ नीट बसली होती ना हे बघायला परत गेली.

"ताई," भुऱ्या म्हणाला, "बूट टाकायला आलात की शाळेत घालायला?"

आता पाणवठ्याचं सांगायला हवं. त्या जंगलाचा प्रधान होता एक तरस. त्याने पाणवठ्याला कुंपण घातलं होतं आणि दारात स्वतःचा दगडी पुतळा उभा केला होता. पाणी हवं तर आधी पुतळ्याला नमस्कार, मग प्रधानाची मर्जी. मर्जी बहुधा नसायची. पोरंबाळं तहानलेली परत जायची. धृती लांबच्या डबक्यावर जाऊन गढूळ पाणी प्यायची. तक्रार कशी करावी, हा विषय तिला कॉलेजात ऐच्छिक होता. तिने घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वानरांनी पुतळ्यासमोर जोडे मारो आंदोलन केलं.

टोपलीतले सगळे जोडे पुतळ्यावर पडले. हत्तीचा पडला, रेड्याचा पडला. सगळे आपटून खाली आले. फक्त एक जोड वर गेला, गरगर फिरला आणि पुतळ्याच्या गळ्यात जाऊन बसला. त्याच्या नाड्या बांधलेल्या होत्या ना. डबल गाठ.

वाऱ्याने तो हलत होता. एवढेसे बूट होते. जंगलात तेवढे बूट एकीचेच.

"गप्प बस," साळूमावशी म्हणाली. "कुणी विचारलं तर म्हण, मला काय माहीत."

"आणि कुणी विचारलंच नाही तर?"

"तर मग गप्प बसणं आणखी सोपं नाही का गं?"

पण धृतीला ते जमेना. आपल्याला पकडायला येतील, कैदेत टाकतील, कैदेत पाय आपटले तर इतर कैद्यांची झोप मोडेल, असं सगळं तिला दिसू लागलं. त्यापेक्षा आपणच जावं. ती प्रधानाच्या गुहेत गेली आणि कुणी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "ते बूट माझे नाहीत!"

 गुहेतल्या सगळ्यांनी तिच्या पायांकडे पाहिलं.

"टाका हिला कैदेत," प्रधान म्हणाला. तो हसत होता. तरसाचं तोंडच तसं असतं.

प्रधानाचा सल्लागार एक मुंगूस होता. तो कानाशी लागला. "साहेब, एवढीशी पिसोरी. हिला कैद केलीत तर लोक म्हणतील, हिने प्रधानाचा अपमान केला. त्यापेक्षा आपण म्हणू, हा सन्मान आहे."

"जोड्यांचा हार? सन्मान?"

"आपण म्हटलं की आहे."

लगेच दवंडी फिरली. 'पाय झिजेपर्यंत कष्ट केलेले जोडे प्रजेने प्रधानांच्या गळ्यात घातले. गळ्यात जोडे हा या जंगलातला सर्वोच्च सन्मान. पहिला जोड वाहणाऱ्या कुमारी धृती पिसोरी यांचा जाहीर सत्कार.'

सत्काराला अख्खं जंगल लोटलं. पुतळ्याशेजारी मंच बांधला होता. धृती त्यावर उभी होती, आणि आपण उभ्या आहोत हे कुणाच्या लक्षात येऊ नये अशी तिची इच्छा होती. प्रधानाने तिला शाल दिली, नारळ दिला आणि पुतळ्यावरून उतरवलेले तिचेच बूट तिला तबकातून परत दिले.

धृतीने ते पाहिले. इतका विचार, घुशीची माफी, दोन गाठी, आणि बूट पुन्हा तिच्याच हातात. तिला रडूच यायला लागलं.

तेवढ्यात मागे अस्वलाने ढोलावर पहिली थाप मारली.

धडाम!

धृती हातभर उडाली. बूट तिच्याहून वर उडाले. वर जाऊन गरगर फिरले आणि खाली आले ते थेट प्रधानाच्या गळ्यात. खऱ्या प्रधानाच्या.

 प्रधानाचा पंजा गळ्याशी गेला. मुंगूस घाईघाईने कुजबुजला, "काढू नका साहेब! सर्वोच्च सन्मान आहे!"

प्रधानाने पंजा खाली घेतला. दोन्ही पंजे जोडले. हसला.

गर्दीत भुऱ्या वानर उठून उभा राहिला. "साहेब, आम्हालाही सन्मान करायचाय!"

मग काय विचारता, मुलांनो. हत्ती आला, रेडा आला, ज्यांच्या घरात जुने जोडे पडून होते ते सगळे आले. प्रत्येकाने आधी नाड्या बांधल्या होत्या. घूस आली. तिच्याकडे बूट नव्हता, तिने उलथणं टाकलं.

त्यानंतर प्रधान सन्मानाच्या भीतीने गुहेबाहेर पडेनासा झाला. कुंपणाच्या दारात अडवायला कुणी उभं राहीना. दार उघडं राहिलं.

धृती आता पाणवठ्यावरच पाणी पिते. पाण्यात स्वतःचं तोंड दिसलं की दचकते आणि पाय आपटते. मागचे बूटही झिजून गेले, आता चारही अनवाणी. खूर झिजले तर पुन्हा वाढतात, हे तिला कॉलेजात शिकवलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं तिने. फक्त बूट घालून.

तात्पर्य : जुने जोडे वाटेल तिथे टाकू नयेत. आधी स्वच्छ धुवावेत, दोन्हींच्या नाड्या घट्ट बांधाव्यात आणि मगच नेम धरून टाकावेत. नेम येत नसेल, तर वेळेवर दचकलं तरी पुरतं.