मोडून बघणाऱ्या खतीब बाई

खतीब बाईंच्या हातात कुठलीही वस्तू द्या, त्या आधी ती मोडायला बघतात. खुर्चीवर बसण्याआधी तिचे पाय हलवतील, छत्री घेण्याआधी तिची काडी वाकवतील. शाळेने एकदा त्यांचा सत्कार करून फुलदाणी दिली. बाईंनी स्टेजवरच तिचा कान ओढला. कान हातात आला. "डिंक कमी पडला," असं माईकवर सांगून त्या खाली येऊन बसल्या.

रत्नागिरीत बंदराजवळच्या एका शाळेत बाई पाचवी ते सातवीला कार्यानुभव शिकवायच्या. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं, आणि आम्ही काही पोरंपोरी शाळांच्या प्रश्नांवर पत्रकं काढत गावभर हिंडायचो. शाळांनी कार्यानुभवाचा जीव कसा घेतला ते मला विचारा. माझ्या शाळेत वर्षानुवर्षं आम्ही क्रेप कागदाची फुलं केली. ती पाहुण्यांना द्यायची, पाहुणे ती जिन्यात टाकून जायचे. विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखी मांडायचे, ते बापाने केलेले, बक्षीस पोराला. सरळ सरळ खोटेपणा, आणि त्यावर टाळ्या.

बाईंच्या वर्गात फुलं नव्हती. "घरात कोण कशाला वैतागलंय ते विचारून या," एवढाच गृहपाठ. मग त्या वैतागावर उपाय करायचा. आधी चित्र, मग पुठ्ठा, मग लाकूड. वस्तू तयार झाली की बाई ती टेबलावरून खाली ढकलायच्या. पोरं डोळे मिटून घ्यायची. "कुठं मोडली? तिथंच तुझा धडा हाय." न मोडलेल्या वस्तूवर त्यांचा विश्वास नसे. तिला शेरा मिळायचा, 'अजून जोर लावला नाही.'

मुलं बहुतेक मच्छीमारांच्या घरची. एका वर्षी सातवीतल्या सगळ्या आयांचा वैताग एकच निघाला. वाळत घातलेली मासळी मांजरं आणि कावळे पळवतात. वर्गाने जाळीचं कपाट करायला घेतलं. खोक्यांच्या फळ्या, खिडकीची तारेची जाळी. बाईंनी ढकललं, बिजागऱ्या निसटल्या. पुन्हा केलं, पुन्हा निसटल्या. शेवटी टिकलं. मग आत मांदेली पसरून कपाट शाळेच्या अंगणात उन्हाला ठेवलं. असा वास सुटला की हेडमास्तर खिडक्या लावून घामाघूम बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी शाळा समितीचे अध्यक्ष कपाट बघायला आले. मुलांनी छाती काढून दार उघडलं. आत मांजर पाय ताणून झोपलेलं. मांदेलीचा पत्ता नाही.

"बाई, हे माशांचं कपाट की मांजराचं?" अध्यक्षांनी विचारलं.

बाई वाकून जाळी चाचपत राहिल्या. "जाळी कुठं फाटलेली नाय. म्हणजे ते बाहेरून घुसलेलं नाय. मासे पसरले तेव्हाच खालच्या फळीवर झोपलेलं असणार, आणि यांनी दार लावलं." मग मुलांकडे वळून म्हणाल्या, "कपाट झकास झालंय रे. मांजराला साधं बाहेर पडता आलं नाय. पुढच्या वेळी दार लावण्याआधी आत बघा."

मुलं खिदळली. अध्यक्ष हसले नाहीत.

आठवड्याच्या आत निर्णय झाला. बाईंच्या खोलीत संगणक बसणार आणि कार्यानुभवाचा तास इंग्रजीला जाणार. खोक्यातले संगणक येऊन पडलेही होते. त्या खोलीत विजेचा एक प्लग नव्हता, पण हे विचारायचं कुणी? मी भडकले. बसल्या बैठकीत पत्रक लिहिलं, 'श्रमाचा गळा घोटणाऱ्या व्यवस्थेला जाब विचारा', आणि बाईंकडे नेलं. बाईंनी मला तडक मासळी बाजारात नेलं आणि एका कोळणीसमोर ते वाचायला लावलं. तिचा मुलगा त्याच वर्गात होता. काकूंनी शेवटपर्यंत मन लावून ऐकलं.

"छान हाय गो," त्या म्हणाल्या. "पण मी करू काय?"

"मोडलं," बाई म्हणाल्या.

मला राग आला. तो अजून पूर्ण गेलेला नाही. पण बाई थेट हेडमास्तरांकडे गेल्या आणि सौदा केला. शनिवारी शाळा सकाळची. दुपारी मुलं स्वखुशीने बाईंच्या पडवीत येतील. महिनाभर आली तर तास परत द्यायचा, नाही आली तर बाई तोंड उघडणार नाहीत. हेडमास्तर लगेच हो म्हणाले. शनिवारी दुपारी बंदरावर क्रिकेट असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्या शनिवारी मी बाईंच्या घरी गेले, पहिल्यांदाच. नवरा बोटीवर होता, तिकडेच वारला. मुलगा दोह्याला. पडवीत चटया अंथरलेल्या, करवती-हातोड्या ओळीने मांडलेल्या. चुलीवर शिऱ्याचं मोठं पातेलं.

"एवढा शिरा?"

"उरला तर शेजारी देईन." मग जरा वेळाने, "येतील ना गो?"

बाईंचा हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "नाही आली तर मोर्चा काढू," मी म्हटलं.

"मोर्चा काढून कोण पडवीत येतं?" त्या रस्त्याकडे बघत राहिल्या. "झील दोह्याला गेल्यापासून सुट्टीच्या दिवशी मी काहीतरी ठोकत बसते. घरात आवाज पायजे म्हणून. शेजारीण विचारते, खतीब बाई, तुमचं बांधकाम संपायचं कधी?"

त्या हसल्या. मला हसू येईना. बंदराकडून क्रिकेटचा गलका ऐकू येत होता. ऊन कललं तरी रस्ता रिकामाच. बाईंनी पातेल्यावर झाकण ठेवलं.

पुढे महिन्याने हेडमास्तरांना तास परत द्यावा लागला. मी त्यावर पत्रकही काढलं, बरंच आखूड. पण मला आठवते ती हीच दुपार. गलका एकदम जवळ आला आणि सगळी फौज स्टंपांसकट अंगणात शिरली.

"उशीर का?" बाईंनी दरडावलं.

"आमची बॅटिंग चालली होती बाई. फील्डिंग सोडून आलो."

"चपला बाहेर काढा."

पोरं चपला भिरकावून आत घुसली. आतून हाका सुरू झाल्या, बाई, करवत कुठली घेऊ, बाई, हा मला ढकलतोय. बाई आत गेल्या नाहीत. उंबऱ्यापाशी वाकून त्या चपलांच्या जोड्या लावत होत्या, एकेक, सावकाश, जणू ते काम लवकर संपू नये.