सुगरणीच्या घरट्याचे पुरावे

एका जंगलात, बाळांनो, एक जुनी विहीर होती आणि तिच्यावर वाकलेली एक बाभळ होती. बाभळीच्या टोकाला इंदी सुगरणीचं घरटं लोंबत होतं. वर तीन अंडी, खाली पाणी. मग इंदीला झोप कशी लागावी? वारा आला की तिचा जीव खालीवर. वारा थांबला की, का बरं थांबला म्हणून काळजी.

सुगरणींची एक रीत असते. बाहेरचं विणकाम नवऱ्याचं, आतली गादी बायकोची. घरटं बायकोच्या पसंतीस उतरलं, ती अंडी घालून बसली, की नवरा दुसऱ्या बायकोसाठी दुसरं घरटं विणायला मोकळा. इंदीचा नवरा भिकू असाच मोकळा झाला होता. समोरच्या शिंदीवर गात गात विणत होता.

एके सकाळी बाभळीवर फादर करकोचे येऊन बसले. काळा झगा, पांढरी मान, आवाज मऊ. त्यांच्या मागोमाग वानरमास्तर आले. फांदी वाकली. इंदीने अंडी पंखाखाली ओढली.

"मास्तर, हे घरटं बघा," फादर म्हणाले. "विणणाऱ्याशिवाय घरटं होईल का? तसंच हे जग. देवबापाने सहा दिवसांत घडवलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला."

आमच्या ह्यांनी तिसऱ्याच दिवशी घेतला, इंदीच्या मनात आलं.

"विणलं कोण म्हणतं?" मास्तर म्हणाले. "वाऱ्याने एक काडी अडकली. मग दुसरी अडकली. लाखो वर्षं अडकत गेल्या, झालं घरटं. जगही असंच झालं. माझाच एक चुलता पुढे माणूस झाला. अजून तोंड दाखवत नाही."

"अहो, आमच्या ह्यांनी विणलंय," इंदी आतून म्हणाली. "ते काय, समोरच बसलेत."

"तो निमित्तमात्र, बाई," फादर मायेने म्हणाले.

"तोही आपोआपच झाला," मास्तर म्हणाले.

एवढ्या एका गोष्टीवर दोघांचं जमलं. भिकूला कोणीच हिशेबात धरेना.

मग फादरांनी चोच घालून घरट्यातला चिखलाचा गोळा उपटला. "वाऱ्यात हलू नये म्हणून हे वजन. एवढी काळजी आपोआप होते?"

गोळा विहिरीत पडला. डुबुक.

मास्तरांनी एक काडी ओढली. "ही बघा, वाकडी. देव असता तर सरळ लावली नसती?"

"वाकडीच घट्ट धरते, मास्तर. ही दुसरी बघा." तीही निघाली.

"अहो, पुरावे जागच्या जागी राहू द्या की," इंदी रडकुंडीला आली.

"काढून दाखवल्याशिवाय कळणार कसं?" दोघं एकदम म्हणाले.

घरट्याला भोक पडलं. एक अंडं घरंगळत कडेला आलं. इंदीने पंख आडवा घातला. तोंडात देवाचं नाव आलं आणि त्याच्या मागून एक शिवी आली. तिने दोन्ही गिळली.

"फादर," ती गोड आवाजात म्हणाली, "इथलं काम होऊन गेलंय. हा पुरावा शिळा झाला. समोर शिंदीवर ताजं चाललंय. कोणी विणतंय की आपोआप होतंय, डोळ्यांनी दिसेल."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हे आधी कसं सुचलं नाही?

ते गेले तशी फांदी वर आली आणि अंडं गडगडत गादीवर परतलं.

थोड्या वेळाने शिंदीवरून फादरांचा मऊ आवाज आला. मग मास्तरांचा. मग काड्या उडाल्या. मग भिकूचं गाणं थांबलं.

भिकू चोचीत एकच काडी घेऊन बाभळीवर आला. काडी पायाखाली धरून म्हणाला, "इंदे, घर उसवलं गं माझं. मी म्हटलं, मीच विणतोय, बघा. तर म्हणाले, तू मध्ये बोलू नको."

"आणि ती दुसरी?"

"बघून गेली. पसंत नाही म्हणाली."

"असू द्या," इंदी म्हणाली. "ती काडी ह्या भोकाला घाला. मग चिखल आणा. दोन गोळे आणा."

तात्पर्य : जगाला निर्माता आहे की नाही, हा प्रश्न फार मोठा आहे, बाळांनो. तो प्रत्येकाने सोडवलाच पाहिजे. मात्र नेहमी शेजाऱ्याच्या घरट्यावर बसून सोडवावा.