कोकिळाबाईंचा गोग्रास

आषाढीच्या तोंडावर नव्या घरात राहायला आल्या त्याच दुपारी कोकिळाबाईंच्या लक्षात आलं, की घराला सगळं आहे, फक्त गाय नाही.

गाय पाळायची नव्हती त्यांना, नुसती भेटायला हवी होती. सिमेंटचं परमिट मिळेना तेव्हा त्यांनी देवाला शब्द दिला होता, की घर होऊ दे, अख्खा चातुर्मास गाईच्या तोंडी पहिला घास दिल्याशिवाय मी जेवणार नाही. भाड्याच्या खोलीत हे सोपं गेलं असतं. तिथं गायी दारात येऊन उभ्या राहत, आणि द्यायला उशीर झाला तर आत येऊन घेत. पण वासुदेवरावांनी घर बांधलं ते वर्ध्याबाहेर, पवनारच्या वाटेवर. शेजार म्हणजे कपाशीचं शेत. गुराखी कवडू पहाटेच गुरं घेऊन जाई, तो दिवस बुडताना परते. तीन दिवस कोकिळाबाई दिवेलागणीला जेवल्या.

"अवं, देवानं घर देल्लं ते काय तुले उपाशी ठेवाले?" वासुदेवराव म्हणाले.

चौथ्या दिवशी दहा वाजता पूजेची घंटी वाजली आणि कुंपणाशी कोणीतरी येऊन उभं राहिलं. उंच, निळसर काळं, आखूड शिंगांचं, गळ्याखाली केसांचा झुपका. रोही! रानातलं घोड्याएवढं हरीण. कोकिळाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं पोळीकडे. पाय चार, शिंगं दोन, शिवाय रवंथ चालू. "बाकीचं तू पाहून घे रे देवा," म्हणत त्यांनी हात पुढे केला. आठवड्याभरात रोही घंटी ओळखू लागला.

"भेटते का वं गाय?" वासुदेवराव संध्याकाळी विचारत.

"भेटते जी. येळेवर येते."

"कोणाची हाय?"

"देवाची."

हे खोटं नव्हतं, म्हणून त्यांना झोपही लागे.

इकडे वासुदेवरावांनी आवारात वांगी लावली होती. कचेरीत प्रत्येकाला पिशवी-पिशवी कबूल करून झाली होती. पण सकाळी मोजलेली वांगी संध्याकाळी भरत नव्हती. "वांदरायचं काम हाय," म्हणत त्यांनी आपला जुना कोट घालून तणसाचं बुजगावणं उभं केलं. दुसऱ्या दिवशी काठीवर नुसता कोट लोंबत होता.

"कोट ठेवला अन् माणूस खाल्ला! असं कोणतं जनावर हाय वं?"

"देवालेच माहीत जी," कोकिळाबाई म्हणाल्या, आणि त्या दिवशी जपाच्या दोन माळा जास्त ओढल्या.

कार्तिकात वासुदेवरावांनी रजा टाकली आणि उरलेल्या विटांच्या ढिगामागं दबा धरून बसले. दहाला घंटी वाजली. रोही आला. साक्षात बायकोच्या हातून पोळी खाल्ली आणि मग सवयीच्या पावलांनी वांग्यांत शिरला.

"हे तुही गाय?" वासुदेवराव ओरडत बाहेर आले. "अवं, याले दाढी हाय!"

"तुमच्या आत्याबाईलेही होती," कोकिळाबाई हळूच म्हणाल्या. "म्हणून का त्या बाई नव्हत्या?"

बोलून तर गेल्या, पण व्रत मोडलं की काय, ही शंका आलीच. उद्यापनाला सहाच दिवस उरले होते. घरची पूजा सांगणाऱ्या भैयाजी महाराजांना विचारलं, तर त्यांनी डोळे मिटून निकाल दिला.

"रोही? अन् तोही नर? मंग सारा चातुर्मास पाण्यात गेला बाई. आता पुढच्या आषाढीपासून पुन्हा."

कोकिळाबाईंच्या डोळ्यांना पदर लागला, तसे वासुदेवराव वांगी विसरले.

"भैयाजी, काही तोड काढा ना! चार महिन्यांत एक दिवस चुकली नाही हो थे."

भैयाजींनी पुन्हा डोळे मिटले. "द्वादशीले अस्सल गाय दारी बांधा. तिनं पुरणपोळीचा घास घेतला तं समदं पदरात. पण घास गेल्याबिगर पंगत बसणार नाही, सांगून ठेवतो."

द्वादशीला कवडूनं स्वतःची गाय आणून खुंट्याला बांधली. वीसेक पाहुणे जमले, आत पत्रावळी मांडल्या. भैयाजींना आदल्या दिवशीची एकादशी होती आणि पुरणाचा वास येत होता, त्यामुळं आरतीला त्यांनी घंटी जरा जोरातच वाजवली.

रोही आला. सण असल्यासारखा कुटुंबकबिला घेऊन आला. चार माद्या, दोन पिल्लं, सगळे कुंपणावरून टणाटण आत! कवडूच्या गाईनं दावं तोडलं आणि धाम नदीच्या दिशेनं धूम ठोकली. तिच्यामागं कवडू. पाहुण्यांनी घरात शिरून कडी घातली. भैयाजी शिडीवरून स्लॅबवर पोचले, ते कसे, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. अंगणात ताट घेऊन एकट्या कोकिळाबाई.

एक वाजला. दोन वाजले. कवडूचा पत्ता नव्हता आणि रोही हलत नव्हते. पुरणाचा वास मात्र स्लॅबपर्यंत चढत होता.

"कोकिळाबाई!" वरून आवाज आला.

"काय जी?"

"मी वरून बराच येळ पाहून राह्यलो. थे मागची भुरी मादी... चेहऱ्यानं गायच हाय."

"पण तिले शिंगं नाईत जी."

"भुंडी गाय राहत नाई का कुठं?"

"शास्त्रात चालते का पण?"

"शास्त्र मी वाचलं का तुम्ही? द्या घास!"

कोकिळाबाईंनी घास पुढे केला. नर लगेच सरसावला. त्याला त्यांनी कोपरानं बाजूला सारलं. मादी लाजाळू होती. हुंगून मागं सरली.

"घे वं माय," स्लॅबवरून भैयाजींनी हात जोडले.

"घे वं माय," खिडकीतून वीस उपाशी तोंडं म्हणाली.

तेवढ्यात कडी वाजली. वासुदेवराव बाहेर आले. झाडावर उरलेलं एकुलतं एक वांगं त्यांनी तोडलं, घासावर ठेवलं आणि मादीला म्हणाले, "घे वं माय. हिचे चार महिने हायत यात."

मादीनं दोघांकडे पाहिलं. मान लांब केली आणि घास उचलला, वांग्यासकट. कोकिळाबाईंनी तिथंच मातीत डोकं टेकलं.

आत पंगत बसली. भैयाजींना मात्र उतरता येईना, कारण नर शिडीखाली ठाण मांडून होता. शेवटी त्यांचं ताट बादलीत घालून दोरानं वर चढवलं. भैयाजींनी पोळी उचलली, तोंडाशी नेली आणि थांबले. खालून दाढी वर करून तो टक लावून पाहत होता.

भैयाजींनी सुस्कारा सोडला, पहिला तुकडा मोडला, डोळे मिटले, पुटपुटत गोग्रासाचा मंत्र म्हटला आणि तुकडा खाली सोडला.

त्या दिवशी त्यांनी अकरा पोळ्या खाल्ल्या. मंत्रही अकरा वेळा म्हटला.