झिपरूअण्णांचं आपोआप चालणारं घड्याळ

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांकडे मोबाइल होते. कुठलं जंगल ते विचारू नका. रेंज येते तिथलंच.

त्या जंगलात झिपरूअण्णा नावाचे एक अस्वल राहायचे. नोकरी संपलेली, अंगावर भरपूर केस आणि हाताशी भरपूर वेळ. त्यांच्या बायकोचं नाव भागाबाई. भागाबाईंना उतारवयात एकच सुख मिळालं होतं, ते म्हणजे पहाटेची झोप. अण्णांनी मोबाइल घेतल्यापासून तो अण्णांच्याच उशाशी वाजायचा आणि अण्णाच त्याला गप्प करायचे. भागाबाई उजाडेपर्यंत गोधडीत असायच्या. त्या झोपेवर त्यांचा फार जीव होता.

एके दिवशी अण्णांना जुन्या गजराच्या घड्याळाची आठवण झाली. त्यांनी लगेच जंगलाच्या ग्रुपवर लिहिलं, "काय ते घड्याळ! काय ती टिकटिक! पहाटे पाचला घणघणायचं आणि अख्खी गुहा उठायची. ना चार्जिंग, ना कटकट. सगळं आपोआप!"

ग्रुपवर सगळे गहिवरले. माकडाने रडके चेहरे पाठवले. रानडुक्कर म्हणालं, "आमचं तर इतकी वर्षं चाललं, कधी चावीसुद्धा द्यावी लागली नाही."

भागाबाईंनी ते वाचलं आणि हातातली पळी कढईतच राहिली.

त्यांना आठवत होतं ते घड्याळ वेगळंच होतं. त्याच्या पाठीवर दोन चाव्या होत्या, एक चालायची आणि एक वाजायची. रोज रात्री भांडी घासून झाली की दोन्ही द्यायच्या. जास्त पिळली तर स्प्रिंग तुटायची भीती. उभं ठेवलं की ते बंद पडायचं, म्हणून पालथं झोपवायचं, तेही स्टीलच्या ताटात, म्हणजे दणदणाट होईल. तो दणदणाट फक्त भागाबाईंना ऐकू जायचा. मग त्या उठायच्या, चूल पेटवायच्या आणि अण्णांची गोधडी ओढत राहायच्या.

प्रकरण सिंहमहाराजांच्या कानावर गेलं. महाराज मनाने हळवे. त्यांनी दवंडी पिटवली, "आज सगळ्यांनी आपापले मोबाइल कोल्ह्याच्या गुहेत जमा करावेत. उद्या पहाटे जुन्या घड्याळाच्या गजराने उठून वडाखाली जमावं. तिथे झिपरूअण्णांचा सत्कार होईल. प्रयोग जमला तर हेच कायम."

'कायम' ऐकून भागाबाईंनी आपल्या गोधडीकडे पाहिलं. गेली आपली झोप!

अण्णांनी गुहेच्या सांदीतून घड्याळ काढलं, पुसलं, पाचचा गजर लावला आणि उशाशी ऐटीत उभं ठेवलं.

"अहो," भागाबाई म्हणाल्या, "त्याला काही करायला नको का?"

"काय करायचंय? अगं, जुन्या वस्तू आपलं आपण बघायच्या. ऐक ती टिकटिक!" अण्णा डोळे मिटून म्हणाले.

गुहेत चिडीचूप होतं.

"मग मी झोपू?"

"झोप की निवांत!"

इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य भागाबाईंनी पहिल्यांदाच ऐकलं. सवयीने त्यांचा हात घड्याळाच्या पाठीकडे गेला होता. तो त्यांनी मागे घेतला आणि गोधडीत सारला.

सकाळी उन्हं गुहेत आली तेव्हा भागाबाई उठल्या. त्यांनी एकटीने गरम गरम चहा प्यायला. अण्णा घोरत होते. पलीकडे रानडुक्कर घोरत होतं आणि त्याची बायकोही मजेत झोपली होती. वडाखाली कोणीच नव्हतं. सत्काराचा हार ससे खाऊन गेले.

दुपारी दरबार भरला. महाराज स्वतःच जांभया देत आले. राणीसाहेब तर आल्याच नव्हत्या, त्या अजून झोपल्या होत्या.

"झिपरूअण्णा, हे कसं झालं?"

अण्णांनी डोळे पुसले. "काय सांगू महाराज! जुनी घड्याळंसुद्धा आता पूर्वीसारखी राहिली नाहीत."

सगळा दरबार हळहळला. खरंच, काय दिवस होते ते! कोल्ह्याने मोबाइल परत वाटले.

भागाबाई मागच्या रांगेत बसल्या होत्या. खरं काय ते त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. वाईटही वाटलं त्यांना. इतकी वर्षं उठल्या त्या आणि आठवण राहिली ती घड्याळाची. पण बोलल्या असत्या तर दोन्ही चाव्या पुन्हा त्यांच्याच हातात आल्या असत्या. त्यांनी आपला मोबाइल घेतला आणि घरची वाट धरली.

संध्याकाळी अण्णांनी ग्रुपवर आधीपेक्षा मोठा लेख लिहिला. पुन्हा सगळे गहिवरले. भागाबाईंनीही खाली लिहिलं, "अगदी खरं," आणि गोधडी कानावर ओढून घेतली.

तात्पर्य : जुन्या दिवसांची गोडी टिकवायची असेल, तर तेव्हा चावी कोण देत होतं हे मुळीच आठवू नये. आणि ज्यांना आठवतं, त्यांनी निवांत झोपावं.