सायलस काका आणि रिकाम्या कबरेची केस

ईस्टरनंतरचा दुसरा रविवार. हजर: मुलं सहा, मी, आणि दाराला आडवी बांधलेली पिवळी-काळी पट्टी. गैरहजर: पट्टी बांधणारे सायलस काका.

रस्ता खणताना लावतात तसली ही पट्टी. पिंपरीतल्या आमच्या चर्चमागे पत्र्याची खोली आहे, तिथे काका संडे स्कूल घेतात. दर रविवारी ते दाराला पट्टी बांधायचे आणि मुलांना तिच्याखालून वाकून आत घ्यायचे. आत फळ्याखाली एक चटई, चटईवर घडी घातलेला एक पांढरा रुमाल.

"घटनास्थळ हाय. हात मागं. कुणी काही हलवायचं न्हाई."

एवढं म्हणाले की वर्ग सुरू.

काका चाकणच्या एका कंपनीत तपासणी खात्यात होते. सुट्या भागांवर ओके, रिजेक्ट नाहीतर होल्ड अशी चिठ्ठी लावायची, हे त्यांचं जन्मभराचं काम. होल्ड म्हणजे निर्णय बाकी. तो होईपर्यंत माल जागचा हलवायचा नाही. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे तपासायला एकच केस उरली, येशूच्या रिकाम्या कबरेची. प्रेत गेलं कुठे? मुलांनी संशय काढायचे, काकांनी चिठ्ठी लावायची.

"कबरेवरचे पहारेकरी झोपले होते. तेवढ्यात शिष्यांनी चोरलं," जोएल म्हणाला.

"झोपला होतास, तर चोर कोण ते दिसलं कसं रे? नाइट शिफ्टचे वॉचमन मी लई पाह्यलेत. रिजेक्ट."

"मग दुसऱ्या कुणी चोरलं असेल."

"चोर कधी घडी घालतो का, भावा?"

हे त्यांचं हुकमी वाक्य. येशूच्या डोक्याला बांधलेला रुमाल कबरेत वेगळा, नीट ठेवलेला सापडला, अशी बायबलात योहानाची साक्ष आहे. "चोराला घाई असते. घडी कोण घालतो? जो आपल्या पायानं, आपल्या मर्जीनं, सावकाश निघून जातो तो. म्हणजे जिवंत. ओके."

मी संडे स्कूलची सेक्रेटरी. किल्ल्या, चटया, बिस्किटं आणि काका, एवढं माझ्याकडे. त्यातले काका सर्वांत अवघड. कबरेवरची धोंड किती जड होती हे कळावं म्हणून त्यांनी मुलांना भरलेलं पाण्याचं पिंप ढकलायला लावलं. पिंप आडवं झालं, दुपारच्या महिला सभेला बसायला कोरडी चटई उरली नाही. कबर रिकामी पाहणाऱ्या पहिल्या साक्षीदार बायका होत्या, यावर त्यांचा फार भर. "बायकांची साक्ष त्या काळी कुणी धरत नव्हतं. खोटी केस रचणारा पहिली साक्षीदार बाई ठेवील का?" पण कपाटाची किल्ली त्यांच्याच खिशात असल्याची साक्ष मी दिली, तेव्हा त्यांनी दुसरा साक्षीदार मागितला.

पालकही वैतागले. जोएलचे वडील मला म्हणाले, "ताई, आमचं पोरगं आईची उलटतपासणी घेतंय. दूध उतू गेलं तेव्हा तू कुठं होतीस म्हणून."

भरलेला वर्ग ओसरत गेला. काही कुटुंबं ताथवड्याला राहायला गेली, काही मुलं क्लासला, काही क्रिकेटला. मी काकांना सांगितलं की जरा गाणी घ्या, चित्रं रंगवू द्या, नाहीतर चर्चची कमिटी वर्ग बंद करील.

"बंद करा. पण ही पोरं उद्या मोठी होतील, बाई. कुणीतरी विचारील, हे सगळं खरं कशावरनं? मग काय सांगतील? आई म्हणती म्हणून? तेवढ्यावर न्हाई टिकत माणूस."

एवढं गंभीरपणे ते एकदाच बोलले.

गेल्या रविवारी केस संपत आली होती. चोरी रिजेक्ट, भास रिजेक्ट, चुकीची कबर रिजेक्ट. चटईवरच्या रुमालाशी उभं राहून काका म्हणाले, "म्हणजे उठला. आपल्या पायानं गेला. केस बंद."

शारोननं हात वर केला. ही नऊ वर्षांची, वर्गातली सर्वांत गप्प मुलगी.

"काका, उठला तर मग घरी का नाही गेला? आईला भेटायला?"

"मरीयेला भेटला की. बागेत."

"ती मग्दालिया, दुसरी मरीया. त्याची आई नाही. बाकी सगळ्यांना भेटला. आईला भेटल्याचं कुठं लिहिलंय?"

काकांनी बायबल उघडलं, मिटलं. "नोंद न्हाई," म्हणाले. मग पट्टीखालून वाकून बाहेर पडले ते परत आले नाहीत. रुमाल तसाच, पट्टी तशीच.

बुधवारी मी कासारवाडीला त्यांच्या घरी गेले. दार रूथकाकूंनी उघडलं आणि काही न विचारता आतली खोली दाखवली. खाटेवर कंपनीचा निळा शर्ट आणि पँट, घडी घातलेली. घडीच्या रेषांवर धूळ बसली होती. काका समोर खुर्चीवर.

ऐकीव माहिती काकांनी कधी चालवून घेतली नाही, पण त्यांच्या मुलाबद्दल आम्हा सगळ्यांकडे ऐकीवच होतं: सुजित बाहेरगावी असतो.

"त्यानं विचारलं होतं, खरं कशावरनं?" काका म्हणाले. "तोही कंपनीत कामावर जायचा तेव्हा. माझ्याकडं उत्तर नव्हतं, म्हणून थोबाडीत दिली. सकाळी खाटेवर हे त्याचे कपडे. तेव्हापासनं पत्ता न्हाई. घडी बघा, बाई. किती सरळ. घाईत नव्हता. कुणी नेला न्हाई त्याला."

"म्हणजे जिवंत आहे," मी म्हणाले. त्यांचंच वाक्य.

"ओके. मग घरी का येत न्हाई? मला न्हाई भेटला तर न्हाई. हिला तरी." त्यांनी दाराकडे पाहिलं नाही. दारात काकू उभ्या होत्या.

शारोनच्या प्रश्नावर चर्चच्या पाळकसाहेबांनी सांगितलेलं मी पुढे केलं: नोंद नाही म्हणजे भेट झालीच नाही, असं नव्हे.

"साहेब चांगले हायेत," काका म्हणाले. "पण पुरावा न्हाई."

काकू म्हणाल्या, "मी कपड्यांच्या भोवतीनं झाडते. चहा टाकू?"

वर्गाचं मी विचारलंच नाही. चहा घेतला आणि निघाले.

आज मुलं सवयीनं पट्टीखालून वाकून आली आणि हात मागे करून चटईभोवती उभी राहिली. मी हजेरी घेतली, प्रार्थना घेतली, बिस्किटं वाटली. पुढच्या रविवारी वर्ग आहे की नाही, ते कमिटीला विचारायचं लिहून ठेवलं. रुमाल कुणी हलवला नाही, मीही नाही.

शारोननं बिस्किट हातातच धरलं होतं. "मावशी, काकांना उत्तर सापडलं का?"

तिला काय सांगायचं, तेवढं राहिलं आहे.