बोरस्तेकाकांची चार बोटं

बोरस्तेकाका कुणाच्याही घरी गेले की आधी तिथला फ्रीज पुढे ओढतात. पाणी नंतर, चहा नंतर. सरळ स्वयंपाकघरात शिरायचं, फ्रीज आणि भिंत यांच्या मध्ये हात घालायचा, चार बोटं आडवी मावली नाहीत की "हवा अडली" म्हणायचं आणि तो कर्रर्र करत ओढायचा. आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत नवी सून आली की सासूच्या स्वभावाआधी तिला काकांची चार बोटं कळतात.

काका मूळचे सायखेड्याचे. सगळी नोकरी दिंडोरीकडच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये झाली. द्राक्षांच्या पेट्या रचताना मधून गार हवेला वाट ठेवायची, हे त्यांचं काम. रिटायर झाले, पेट्या सुटल्या, बोटं काही सुटली नाहीत. उन्हाळ्यात मात्र त्यांची दुधाची पिशवी आमच्या फ्रीजमध्ये असायची. आम्हाला वाटायचं, तपासणीला यायला निमित्त हवं म्हणून ठेवत असतील.

आता माझा शहाणपणा ऐका. दोन हजार सातच्या सुमारास मी एकाच कॉम्प्युटरमध्ये दोन ग्राफिक्स कार्डं बसवून घेतली. मी घरांचे नकाशे काढतो, त्यामुळे "थ्रीडीला लागतात" ही थाप बायकोला, म्हणजे सुलभाला, पचेल असं मला वाटलं. खरं कारण होतं मोटारींच्या शर्यतीचा गेम. माझं वय तेव्हा एकोणचाळीस होतं, हे सांगायची लाज वाटते, पण सांगतो. एवढं करून माझी मोटार तिसऱ्या वळणावर आली की पडदा काळा व्हायचा. वरचं कार्ड तापायचं आणि कॉम्प्युटर आपोआप बंद पडायचा.

चार दिवस मी इंटरनेटवर परदेशातल्या पोरांचे सल्ले वाचले. तीन जादा पंखे आणले, त्यातला एक कुठे लावायचा तेच कळेना. शेवटी हॉलमधला कूलर ओढून कॉम्प्युटरसमोर लावला. एप्रिलचं ऊन, घरची माणसं घामाघूम, आणि तो पत्र्याचा डबा वाळ्याच्या वासात गार बसलेला. सुलभा म्हणाली, त्याला पन्हंही दे. संध्याकाळी पत्र्यावर थेंब जमलेले दिसले, तेव्हा मी कूलर गुपचूप जागेवर नेला.

तेवढ्यात काका दूध ठेवायला आले. उघडा डबा बघून थांबले आणि यात तापतं कोण, असं विचारलं. मी मोठ्या कौतुकाने दहा मिनिटं व्याख्यान दिलं. काकांनी मला कॉम्प्युटर बंद करायला लावला आणि दोन कार्डांच्या मध्ये बोटं घालून पाहिली. चार सोडा, एक जाईना.

"अरे, वरच्याचा पंखा खालच्याच्या पाठीला तोंड लावून बसलाय," काका म्हणाले. "ह्यानं श्वास घ्यायचा कुठून? पेट्या अशा लावल्या असत्या, तर मालकानं मलाच पेटीत भरून पाठवला असता."

मग कॉम्प्युटर चालू करून त्यांनी आमच्या देवघरातली उदबत्ती पेटवून कार्डांपाशी धरली. धूर तिथेच घुटमळत राहिला. सुलभा बाहेर आली, डब्यापुढची उदबत्ती पाहून म्हणाली, "गेला का?"

खाली एक खाच रिकामीच होती. दोन्ही कार्डं जोडणारी लांब पट्टी आणून मी खालचं कार्ड तिथे सरकवलं. तिसरं वळण पार झालं. मी शर्यतीत शेवटचा आलो, पण आलो.

मे महिन्यात काका दोन दिवस दूध न्यायलाच आले नाहीत, म्हणून मी पिशवी घेऊन त्यांच्याकडे गेलो. सहा वर्षांच्या शेजारात मी त्यांच्या उंबऱ्याच्या आत प्रथमच जात होतो. काका तापाने पडले होते. दूध ठेवायला स्वयंपाकघरात गेलो तर फ्रीज बंद पडलेला, पाठ तापलेली, आणि भिंतीला इतका चिकटलेला की नख जाणार नाही. मला कोण आनंद झाला. "काका, हवा अडली!" म्हणत मी फ्रीजला हात घातला.

"नको ओढूस," काका दारात येऊन उभे राहिले होते.

फ्रीजसमोर काकूंचं शिलाई मशीन होतं आणि मध्ये एक स्टूल. काकू आम्ही इथे राहायला येण्याआधीच गेल्या होत्या.

"तिला बसायला चार बोटं कमी पडत होती. म्हणून मागं ढकलला," काका म्हणाले. "पुढं घेतला की स्टूल बसत नाय. दर उन्हाळ्यात बंद पडतो. पडू दे."

मला माझ्या आनंदाची फार लाज वाटली. घरी गेलो आणि तो उरलेला तिसरा पंखा आणला. फ्रीज जागचा न हलवता पंखा मागच्या जाळीच्या कडेला सुतळीने बांधला आणि एका जुन्या अडॅप्टरवर चालू केला. तासाभराने फ्रीज गुरगुरला.

काकांनी स्वतः उदबत्ती पेटवली आणि फ्रीजच्या कडेला धरली. धूर भिंतीकडे गेला आणि वरून मोकळा बाहेर आला. काकांचे डोळे भरले होते.

"खेळतीय गं हवा," ते म्हणाले.

घरात आम्ही दोघंच होतो.