आत्याची कळशी फिरायला जाते

आमच्या हसनाबादच्या घरात पाणी नळातून यायचं नाही, आत्याच्या डोक्यावरून यायचं. विहीर गावाबाहेर. उन्हाळ्यात विहिरीच्या बुडाला पोहरा खडखड वाजायचा. नवरा गेल्यावर आत्या माहेरी आली आणि घरचं पाणी तिच्याकडे आलं. माझे आईबाप रोजंदारीवर. मला पाण्याला धाडायची गोष्ट निघाली की आत्या म्हणायची, "त्याच्या डोक्यावर काही ठेवू नका. डोक्यात भरू द्या." तसं ते भरलं. आमच्या घराण्यातला पहिला बी.कॉम. मी. नवीन जालन्यात बियाण्याच्या कंपनीत हिशेब बघतो. स्वतःचं घर आहे, घरात मोरीपासून गच्चीपर्यंत नळ आहेत, आणि हे सांगायला मला बिलकुल संकोच वाटत नाही.

तरी आमची सत्तरी ओलांडलेली आत्या रोज सकाळी डोक्यावर कळशी घेऊन बाहेर पडायची. तीही रिकामी.

याला कारण डॉक्टर. आत्याची साखर वाढली होती. डॉक्टर म्हणाले, "आजी, गोळ्या घ्या आणि रोज सकाळी चाला. दिवाळीनंतर परत तपासू. नाही उतरली तर इन्सुलिनची सुई सुरू करावी लागेल."

"सुई बैलाला टोचतेत," आत्या म्हणाली. "चालून जायचं कुठं?"

"कुठं नाही. नुसतं चालायचं."

"अन् मंग?"

"मग परत घरी यायचं."

आत्यानं माझ्याकडं असं पाहिलं, की एवढा शिकलेला डॉक्टर, याला घरी कुणी काही सांगितलं न्हाई का!

घरी आल्यावर तिनं निकाल दिला, "बिनकामाचं चालणं आपल्याला जमायचं न्हाई. बाई मोकळ्या हातानं हिंडताना दिसली तर लोक काय म्हणतील? सुनंनं घराबाहेर काढली म्हणतील."

"आत्याबाई, माझं नाव काहून घेता?" माझी बायको स्वयंपाकघरातून ओरडली.

आत्याच्या तळपायाला मुंग्या यायच्या, म्हणून डॉक्टरांनी अनवाणी चालू नका असं बजावलं होतं. मी पांढरे बूट आणले. आत्यानं ते डब्यासकट कपाटात ठेवले. "नवे हायेत. घातल्यावर खराब होतेल."

आणि एका सकाळी पाहतो तर आत्या गायब. बूट गायब. कळशीही गायब. कॉलनीच्या रस्त्यावर कुणी कानात वायरी घालून, कुणी हात फिरवत चाललेलं, आणि मधोमध आमची आत्या. नऊवारी लुगडं, खाली पांढरे बूट, वर कळशी. चाल अशी, की दोघा बँकवाल्यांना मागं टाकून गेली.

"आत्या, घरात नळ आहे!"

"ते लोकाला काय ठाऊक? कुणी इचारलं तर सांगता येतं, पाण्याला चालले."

सगळं सुरळीत चाललं होतं, पण कोपऱ्यावर पारसमलशेठ राहतात. कापडाचं दुकान. दुकानाला निघायची वेळ आणि आत्याची वेळ एकच. चार-पाच दिवस सोसून शेठनी स्कूटर थांबवली.

"आत्याबाई, रोज सकाळी खाली बर्तन समोर येतं. शकुन बिघडतो. बरकत कशी येणार?"

"शेठ, तुमची स्कूटरबी रोज माझ्या समोर येते. मी कधी काही म्हणले का?"

पण शकुन-अपशकुन आत्यालाही पटतो. दुसऱ्या दिवसापासून ती कळशीत दोन तांबे पाणी घालून निघाली. मानेला वजन नको म्हणून मी कटकट केली, तेव्हा कळशी डोक्यावरून कमरेवर आली. शेठ इतके खूश, की भरली कळशी दिसल्याशिवाय स्कूटर सुरू करीनात.

आता नवीनच अडचण. फेरी झाल्यावर या पाण्याचं करायचं काय? आत्याला पाणी फेकता येत नाही. हातच उचलत नाही. तिनं शेठच्या अंगणात पाहिलं, तर कुंडीतला मोगरा वाळत चाललेला. तो शेठच्या आईचा, माजींचा. माजी मागं एकदा अंगणात पडल्या होत्या. पाय बरा झाला, भीती गेली नाही. गेटाबाहेर पाऊल नाही, कुंड्यांकडंही लक्ष नाही. आत्यानं न विचारता पाणी ओतलं.

"कोण आहे?" आतून माजी.

"पाणी हाय!" बाहेरून आत्या.

मग हे रोजचंच झालं. माजी आधी खिडकीतून बघायच्या, पुढं ओट्यावर येऊन बसायला लागल्या. "आज जल्दी आलात." "रस्त्यात कुणी आडवं न्हाई आलं." एवढंच बोलणं.

दिवाळीनंतर तपासणीचा दिवस आला. उपाशीपोटी रक्त द्यायचं म्हणून मी आत्याला सकाळीच रिक्षात घातलं. फेरी राहिली. परत आलो तर आमच्या गेटाशी काठी टेकून माजी उभ्या. घामाघूम. मागं शेठ स्कूटर ढकलत, तोंडाचा आ केलेला.

"पाणी का नाही आलं आज?" माजी रागावून म्हणाल्या. "मी कवापासून वाट बघून राह्यले!"

 आत्यानं माजींना खुर्चीत बसवलं आणि आत जाऊन कळशी नळाखाली धरली. भरून वाहायला लागली तरी नळ बंद करीना. मीच बंद केला.

"बाळू," ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "गावाकडं मी विहिरीवरून येईस्तोर समदे दाराकडं डोळे लावून बसायचे. तू तर तांब्या घेऊन उंबऱ्यातच. इथं तुम्ही मला काही कमी पडू दिलं न्हाई. पण हात हालवत येणाऱ्या बाईची वाट कोण बघतंय?"

मग कमरेला कळशी लावून तिनं माजींचा हात धरला. दोघी रस्त्यानं हळूहळू निघाल्या. शेठनी स्कूटर सुरू केली नाही, त्यांच्या मागं ढकलतच नेली.

संध्याकाळी रिपोर्ट आला. साखर उतरली होती. आत्याला सुई लागली नाही.